कोकणातल्या घरात शोभेच्या झाडांची कुंडी केव्हा आणि कशी बदलावी

मिरगाचा पहिला पाऊस पडला की लावणीला लागायचे ही कोकणातली जुनी रीत आहे, आणि जमिनीत लावायच्या झाडांसाठी ती अगदी बरोबर आहे. माडाचे रोप, आंब्याचे कलम किंवा परसातली जास्वंद जूनमध्ये लावली की चार महिने पाण्याची चिंता राहत नाही आणि जास्तीचे पाणी उताराने, जांभ्याच्या भेगांतून निघून जाते. घरातल्या कुंडीला मात्र उतारही नसतो आणि भेगाही नसतात. पडवीतला मॉन्स्टेरा किंवा खिडकीतली पीस लिली याच मुहूर्तावर मोठ्या कुंडीत हलवली, तर नव्या मातीत मुळे पसरण्याआधीच आषाढाचे ढग जमतात, ऊन दिसेनासे होते, हवा ओलाव्याने जड होते आणि ती माती आठवडेच्या आठवडे वाळत नाही. श्रावण सरता सरता पाने पिवळी पडू लागतात, आणि झाडाला खत कमी पडले असावे असे समजून घरातले कोणीतरी वरून आणखी मूठभर शेणखत घालते.

कुंडी बदलण्याविषयी जो सल्ला सर्वत्र वाचायला मिळतो, तो बहुतेक थंड किंवा कोरड्या हवेच्या प्रदेशांत तयार झालेला आहे. तिथे कडाक्याची थंडी संपण्याची वाट पाहावी लागते, म्हणून वसंत ऋतूवर एवढा भर दिलेला असतो. कोकणच्या किनाऱ्यावर थंडीतही रात्रीचे तापमान क्वचितच पंधरा अंशांच्या खाली उतरते, त्यामुळे गारठ्याने मुळे थांबण्याचा प्रश्न येथे फारसा उद्भवत नाही. दापोलीसारखी उंचावरची गावे आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा पट्टा एवढाच काय तो अपवाद. येथला खरा प्रश्न न वाळणाऱ्या मातीचा आहे. म्हणून महिना, कुंडीचा आकार आणि मातीचे मिश्रण या तिन्ही बाबी ठरवताना, ही माती पाणी दिल्यावर किती दिवसांत वाळेल, हाच प्रश्न आधी विचारावा.

ही झाडे मुळात पावसाळी जंगलांतलीच आहेत, मग त्यांना ओलाव्याचे एवढे भय कशासाठी, अशी शंका येणे साहजिक आहे. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांतला, मनीप्लांट फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटावरचा, आणि अँथुरियम व फिलोडेंड्रॉन मध्य व दक्षिण अमेरिकेतले. तिथेही भरपूर पाऊस पडतो. पण यांतल्या अनेक जातींची मुळे मोठ्या वृक्षांच्या सालीला धरून किंवा पालापाचोळ्याच्या सैल थरात वाढतात, जिथे पाणी येते तसे निघूनही जाते आणि मुळांना हवा मिळत राहते. आपल्याकडे आंब्या-फणसाच्या खोडावर सीतेची वेणी हे आमरीचे झाड वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घेऊन न कुजता फुलते, त्याचे कारण हेच आहे. तेच झाड चिकण मातीच्या कुंडीत लावले तर एक पावसाळाही काढणार नाही. स्नेक प्लांट हा पश्चिम आफ्रिकेतला आणि झीझी प्लांट पूर्व आफ्रिकेतला. हे दोघे तर जमिनीखालच्या जाड कंदांत पाणी साठवून कोरडे दिवस काढणारे आहेत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अधिकच काळजी घ्यावी लागते.

वेळ झाली हे कसे ओळखावे

तळाच्या भोकातून मुळे बाहेर आलेली दिसणे ही खूण सर्वांना ठाऊक असते, पण तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये, कारण मनीप्लांटसारख्या वेलीचे एखादे चुकार मूळ ओलाव्याच्या शोधात लवकरच बाहेर डोकावते. पाणी घातल्याबरोबर ते कडेने सरळ खाली उतरते आणि दुसऱ्याच दिवशी झाड मलूल दिसते, नवी पाने आधीच्या पानांपेक्षा लहान येऊ लागतात, प्लास्टिकची कुंडी एका बाजूने फुगते, किंवा झाड वरच्या भाराने कलू लागते, यांपैकी दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर कुंडी लहान पडली असे समजण्यास हरकत नाही. स्नेक प्लांटचे कंद तर प्लास्टिकची कुंडी चिरून बाहेर येतात. तरीही खात्रीचा उपाय एकच: झाड मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढून पाहावे. गोळ्याभोवती मुळांचे दाट जाळे गोल गोल फिरलेले असेल तर वेळ झाली आहे. माती अजून मोकळी दिसत असेल आणि मुळे तुरळक असतील, तर गोळा होता तसा परत ठेवून द्यावा.

पाने पिवळी पडणे ही कुंडी बदलण्याची खूण नव्हे. पानांच्या कडा आणि टोके करपणे हीदेखील नव्हे. खाडीकाठच्या किंवा किनाऱ्यालगतच्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचे पाणी मचूळ होते, ते घालत राहिले की क्षार मातीत साचतात, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि पानांची टोके तपकिरी होतात. अशा वेळी गोड्या पाण्याने माती दोन-तीनदा भरपूर धुऊन काढली तर बहुधा काम भागते. खारा वारा थेट लागणाऱ्या खिडकीतही पानांची हीच अवस्था होते, आणि तिथे कुंडी नव्हे तर जागा बदलावी लागते.

रोपवाटिकेतून नवे झाड आणले की त्याच संध्याकाळी ते सुंदर कुंडीत लावण्याचा मोह होतो. त्याला आधी दोन-तीन आठवडे घरातल्या उजेडाची सवय होऊ द्यावी. या काळात पिठ्या ढेकूण किंवा इतर कीड असेल तर तीही दिसून येते. एक अपवाद करावा लागतो: काळ्या पिशवीतले रोप चिकट तांबड्या मातीच्या घट्ट गोळ्यात असेल आणि पावसाळा तोंडावर असेल, तर फार थांबू नये.

मॉन्स्टेरा, मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या झाडांना साधारण वर्ष-दोन वर्षांनी नवी कुंडी लागते. झीझी आणि स्नेक प्लांट तीन-चार वर्षे तक्रार न करता एकाच कुंडीत राहतात. पीस लिली थोडी दाटीवाटीत असली तर तिचे काही बिघडत नाही. उंच झालेला ॲरेका पाम किंवा रबर प्लांट हलवणेच अवघड असेल, तर वरची चार-पाच सेंटिमीटर माती काढून तिथे ताजे मिश्रण भरणे हा सोयीचा मार्ग आहे.

महिना कोणता

कोकणासाठी सर्वांत चांगला काळ शिमग्याच्या आगेमागे, म्हणजे फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंतचा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवस मोठा होत असतो, उजेड भरपूर असतो, झाडे नवी पाने काढू लागतात आणि माती घातलेल्या पाण्यानुसार भराभर वाळते. मुख्य म्हणजे पाऊस सुरू होण्यास अडीच-तीन महिने शिल्लक असतात आणि तेवढ्यात मुळे नवी माती व्यापून टाकतात. मुळांनी व्यापलेल्या मातीतले पाणी झाड स्वतःच शोषून घेते, त्यामुळे अशी कुंडी जुलैतही दमटपणा सहन करते. मुळे न पोहोचलेली माती नुसतीच भिजत पडते. सगळा फरक येथेच पडतो.

एप्रिल आणि मे हे महिने चालतात, परंतु काम संध्याकाळी करावे आणि झाड आठवडाभर तरी सावलीत ठेवावे, कारण दुपारचा वारा पानांतले पाणी झपाट्याने ओढून नेतो आणि नुकत्याच हलवलेल्या मुळांना ते भरून काढता येत नाही. सुटीसाठी गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी हे काम परतीच्या आदल्या दिवसासाठी ठेवू नये. कुंडी बदललेले झाड बंद घरात, बंद खिडकीआड सोडून जाण्यापेक्षा ते जुन्या कुंडीतच राहिलेले बरे. करायचेच असेल तर आल्या आल्या करावे, म्हणजे पहिले दहा-बारा दिवस तरी त्याच्याकडे लक्ष राहील.

जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, मुळे कुजण्याचे संकट सोडले तर, कुंडीला हात लावू नये. दुसरा योग्य काळ गणपतीनंतर येतो: सप्टेंबरच्या अखेरीस उघडीप वाढू लागली की तेव्हापासून ऑक्टोबर संपेपर्यंत, पावसाने माघार घेतल्यावरच्या स्वच्छ उन्हात, झाडे पुन्हा जोर धरतात. नोव्हेंबर ते जानेवारीत काम करता येते, पण झाड सावकाश सावरते.

कुंडीची निवड

नवी कुंडी जुनीपेक्षा व्यासाने दोन ते पाच सेंटिमीटर मोठी असावी, त्याहून अधिक नाही. पुन्हा पुन्हा हे काम नको म्हणून सहा इंची कुंडीतले झाड एकदम बारा इंचीत लावण्याची पद्धत घरोघर दिसते, आणि कोकणात मुळे कुजण्याचे ते एक मोठे कारण असावे असे मला वाटते. मुळांपासून दूर असलेल्या मातीतले पाणी शोषायला कोणी नसते, तिच्यातली हवा संपते, आणि हवाबंद ओल्या मातीत मुळे कुजवणारे रोगकारक जोर धरतात. पोफळीच्या बागांत पावसाळ्यात कोळे रोग आणणारा फायटोप्थोरा हा बुरशीसारखा रोगकारक बागायतदारांच्या परिचयाचा आहे. त्याच वर्गातल्या इतर जाती कुंडीतल्या मुळांचाही असाच नाश करतात.

साधी, रंग न दिलेली मातीची कुंडी आपल्या हवेला सर्वांत मानवते, कारण तिच्या भिंतींतूनही ओलावा बाहेर पडतो. तिच्यावर शेवाळ धरते, ती जड असते आणि फुटते, हे तोटे मान्य करूनही पडवीत किंवा ओटीवर ठेवायच्या झाडांसाठी मी तीच सुचवेन. नवी असेल तर ती वापरण्यापूर्वी काही तास पाण्यात बुडवून ठेवावी, म्हणजे ती मिश्रणातले पाणी ओढणार नाही. जुनी असेल तर घासून धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवावी. प्लास्टिकची कुंडी हलकी आणि स्वस्त पडते, पण तिच्यात माती उशिरा वाळते, म्हणून मिश्रण अधिक भरड ठेवावे आणि तळाला भोके कमी असतील तर तापवलेल्या सळईने आणखी पाडावीत. भोक नसलेल्या चिनीमातीच्या कुंडीत झाड थेट लावू नये. आत साधी प्लास्टिकची कुंडी ठेवून ती बाहेरच्या शोभेपुरती वापरावी आणि तिच्यात उतरलेले पाणी न विसरता ओतून द्यावे.

तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी यांचा जाड थर घालण्याची सवय सोडून द्यावी. त्याने पाण्याचा निचरा सुधारतो असा समज आहे, पण बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भरून चिंब झाल्यावरच ते खाली गळते. परिणामी कुंडीच्या तळाशी राहणारा चिंब पट्टा नाहीसा न होता वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. भोकातून माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरते काथ्याचे एक पातळ वेटोळे किंवा जाळीचा तुकडा पुरतो.

मातीचे मिश्रण

बाहेरचे महागडे साहित्य न आणताही उत्तम मिश्रण करता येते, कारण त्यासाठी लागणारे बहुतेक पदार्थ कोकणात घरच्या आवारातच सापडतात. परसातली तांबडी माती मात्र एकटी वापरू नये. जांभ्यापासून झालेली ही माती जमिनीत पाणी झिरपू देते, पण कुंडीत दोन-चार पाण्यांनंतर दबून घट्ट होते.

अळूच्या कुळातल्या वेली आणि झुडपे, म्हणजे मॉन्स्टेरा, मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम आणि पीस लिली यांच्यासाठी आठ भागांचा हिशेब धरावा: दोन भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, दोन भाग जांभ्याची खडी, एक भाग चुलीतल्या लाकडी कोळशाचे तुकडे किंवा भाताच्या तुसाचा कोळसा, आणि एक भाग गांडूळखत. आठ इंची कुंडीला असे सुमारे चार लिटर मिश्रण लागते. पीस लिलीला ओल थोडी जास्त आवडते, म्हणून तिच्यासाठी खडीचा एक भाग कमी करून कोकोपीट वाढवले तरी चालेल. झीझी आणि स्नेक प्लांटसाठी उलट करावे: निम्मे मिश्रण खडी व कोळशाचे असावे आणि कोकोपीट अगदी थोडे.

यांतल्या प्रत्येक पदार्थाची आधी थोडी तयारी करावी लागते. सोडणात आणि कच्च्या कोकोपीटमध्ये क्षार असतात, विशेषतः खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणात ते जास्त असतात. सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून बादलीत चार-पाच दिवस भिजत ठेवावेत आणि रोज पाणी बदलावे. पहिल्या दिवशी पाणी गडद तांबूस निघते. ते फिकट होत गेले की तुकडे वापरण्याजोगे झाले असे समजावे. कोकोपीटची वीटही भिजवून, फडक्यात पिळून, पुन्हा धुऊन घ्यावी.

जांभ्याची खडी घरबांधणीच्या कामावर फुकट मिळते. चिरे तासताना पडणारे तुकडे गोळा करून वाटाण्याएवढे ते करवंदाएवढे फोडावेत, चाळणीने चाळून भुकटी काढून टाकावी आणि उरलेली खडी पाण्याने धुवावी. ही भुकटी काढणे महत्त्वाचे आहे, कारण तीच पुढे खडीच्या फटी बुजवून टाकते. जांभा सच्छिद्र असल्याने थोडे पाणी स्वतःत धरतो आणि तुकड्यांमधून हवा खेळती ठेवतो. त्यामुळे माती मोकळी ठेवणारे पर्लाइटचे पांढरे दाणे विकत आणण्याची गरज मला तरी भासलेली नाही. समुद्राची वाळू कधीही वापरू नये, कारण तिच्यात मीठ असते आणि शिंपल्यांचा चुरा असल्यामुळे चुन्याचे प्रमाणही वाढते. चुलीतली राखही घालू नये. कोळसा आणि राख या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राखेने माती अल्कधर्मी होते.

गांडूळखताऐवजी शेणखत घ्यायचे असेल तर ते पूर्ण कुजलेले, काळपट, शेणाचा वास न येणारे असावे, आणि ते हाताने मोकळे करून चाळून घ्यावे. खताच्या खड्ड्यातून आलेल्या शेणखतात हुमणीच्या किंवा गेंड्या भुंग्याच्या जाड, पांढऱ्या, अर्धवर्तुळात वळलेल्या अळ्या सापडतात. गेंड्या भुंग्याची अळी कुजलेल्या खतावर जगते, पण हुमणी मुळे कुरतडते, आणि दोन्ही नुसत्या नजरेने वेगळ्या ओळखणे कठीण असल्यामुळे दिसेल ती अळी काढून टाकणे श्रेयस्कर.

प्रत्यक्ष काम

आदल्या दिवशी झाडाला पाणी द्यावे, म्हणजे मुळे लवचिक राहतात आणि गोळा सुटसुटीत बाहेर येतो. कुंडी अंगणात किंवा मागील दारी जमिनीवर असेल तर ती उचलताना थेट तळाखाली हात घालू नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत फुरसे हा विषारी साप मोठ्या संख्येने आढळतो, आणि तो किंवा विंचू कुंड्यांच्या खालच्या आडोशाला बसलेला असू शकतो. काठीने कुंडी कलती करून आधी खाली पाहून घ्यावे.

ओटीवर जुनी चादर किंवा खताची रिकामी गोणी पसरावी. धारदार सुरी, कात्री आणि पाती पुसण्यासाठी स्पिरिट जवळ ठेवावे. हातमोजे घालणे चांगले, कारण मॉन्स्टेरापासून डायफेनबाकियापर्यंतची ही सारी मंडळी अळू-सुरणाची भावकी आहेत आणि अळूने घसा व हात खाजवणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यांच्या रसातही असतात. लहान मुले आणि मांजर-कुत्री यांना कापलेल्या पानांपासून दूर ठेवावे. रबर प्लांटचा पांढरा चीक कातडीला त्रास देतो आणि कपड्यांवरून जात नाही.

झाड कधीही खोड धरून ओढू नये. खोडाच्या दोन्ही बाजूंनी बोटे घालून मातीवर तळवा ठेवावा, कुंडी उलटी करावी आणि काठ पायरीच्या कडेवर हलकेच आपटावा. गोळा सुटला नाही तर पातळ सुरी कडेने आतून फिरवावी. काळी पिशवी असेल तर उभी कापून काढावी. कंदांनी घट्ट भरलेली प्लास्टिकची कुंडीही सरळ कापून टाकावी, तिचा मोह धरू नये.

आता मुळे नीट पाहावीत, आणि या पायरीला घाई करू नये. निरोगी मूळ पांढरे किंवा मळकट पिवळे असते, चिमटीत धरले तर टणक लागते, आणि त्याचे टोक ताजे, फिकट दिसते. स्नेक प्लांटचे कंद नारिंगी असतात, ते पाहून दचकू नये. कुजलेले मूळ तपकिरी ते काळे असते, दोन बोटांत धरून ओढले तर त्याची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत दोऱ्याएवढा तंतू उरतो. त्याला गटाराचा वास असतो. असे प्रत्येक मूळ निरोगी भाग दिसेपर्यंत कापावे, आणि दर दोन-तीन कापांनंतर पाते स्पिरिटने पुसावे.

मुळे निरोगी असतील तर गोळ्याचा फक्त खालचा तिसरा भाग आणि कडा बोटांनी सैल कराव्यात, गोल फिरलेली लांब मुळे उलगडावीत, आणि उलगडत नसतील ती कापावीत. सगळी माती धुऊन मुळे उघडी करण्याची गरज दोनच प्रसंगी असते: मुळे कुजली असतील तेव्हा, किंवा झाड चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असेल तेव्हा. चिकण माती तशीच ठेवून तिच्याभोवती भरड मिश्रण भरले तर पाणी बाहेरच्या सैल मिश्रणातून निघून जाते आणि मधला गोळा एक तर कोरडा राहतो किंवा कायम चिंब. असा गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवून हलवत धुवावा. रोपवाटिकेतून आलेल्या रोपांच्या मुळांभोवती कधी कधी बारीक जाळीची पिशवी असते, तीही शोधून कापून काढावी.

झाड वाटून दोन करायचे असेल तर हीच वेळ. पीस लिली, झीझी आणि स्नेक प्लांट यांचे फुटवे मुळांसह वेगळे होतात. ॲरेका पामला मात्र हे मानवत नाही. त्याला एकसंध राहू द्यावे.

नव्या कुंडीत आधी मिश्रणाचा थर घालून त्यावर गोळा ठेवावा आणि उंची पाहावी. झाड पूर्वी मातीत जेवढे होते तेवढेच आता राहिले पाहिजे. खोड अधिक खोल गाडले तर ते कुजते. काठाखाली दोन-तीन सेंटिमीटर जागा पाण्यासाठी मोकळी सोडावी. मॉन्स्टेरा किंवा मनीप्लांटला आधार द्यायचा असेल तर तो याच वेळी, हवेतली मुळे ज्या बाजूला सुटतात त्या बाजूला रोवावा, कारण नंतर काठी खुपसली तर मुळे तुटतात. बांबूच्या काठीला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून केलेला आधार बाजारातल्या शेवाळाच्या खांबापेक्षा आपल्या दमट हवेत जास्त टिकतो. मग कडेने मिश्रण घालत जावे, कुंडी जमिनीवर दोन-तीनदा ठोकावी, म्हणजे पोकळ्या भरतात, आणि अंगठ्यांनी दाबून माती घट्ट करण्याचे टाळावे.

नंतरचे दिवस

बहुतेक झाडांना लगेच, तळातून पाणी वाहेपर्यंत, एकदा भरपूर पाणी द्यावे. झीझी आणि स्नेक प्लांट, तसेच कंद किंवा जाड मुळे कापावी लागलेली झाडे, यांना मात्र पाच-सात दिवस कोरडी ठेवावीत, म्हणजे जखमा सुकतात. पहिले दोन आठवडे झाड उजेडात पण उन्हाबाहेर असावे. उत्तर किंवा पूर्वेकडची पडवी त्यासाठी योग्य. दोन-चार दिवस पाने थोडी मलूल दिसली तर घाबरून पुन्हा पाणी घालू नये. महिना-दीड महिना वेगळे खत देऊ नये, कारण मिश्रणात गांडूळखत आहेच आणि ताज्या जखमांना तीव्र खत बाधते.

पुढचे पाणी वारावर ठरवू नये. माती वरून कोरडी दिसली तरी आत ओली असू शकते, आणि हे तपासण्याचे उत्तम साधन प्रत्येक कोकणी घराच्या कोपऱ्यात उभे असते. माडाच्या झाडूचा एक स्वच्छ हीर कुंडीच्या कडेजवळ तळापर्यंत खुपसून दहा मिनिटे ठेवावा आणि बाहेर काढून पाहावा. तो गडद होऊन त्याला मातीचे कण चिकटले असतील तर थांबावे. जवळजवळ कोरडा निघाला तर पाणी द्यावे. मार्च-एप्रिलमध्ये हा हीर तीन-चार दिवसांनी कोरडा निघेल, जुलैमध्ये कदाचित पंधरा दिवसांनीही निघणार नाही. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय झाली तर तीही उपयोगी पडते.

पावसाळ्यात कुंड्या पागोळ्यांच्या खाली ठेवू नयेत. कौलांवरून पडणारी धार मिश्रण उडवते, खत धुऊन नेते आणि खोडाशी खड्डा पाडते. भिंतीला अगदी टेकवूनही ठेवू नयेत. चारी बाजूंनी हवा खेळली पाहिजे आणि तळाखाली विटेचे किंवा चिऱ्याचे दोन तुकडे असावेत. बशीत साचलेले पाणी त्याच दिवशी ओतून द्यावे, कारण त्यात डेंग्यूचे डास वाढतात. रात्री बॅटरी घेऊन एकदा फेरी मारली तर कोवळी पाने खाणाऱ्या गोगलगाई उचलून टाकता येतात. ओल्या मातीवर बारीक काळी चिलटे उडू लागली तर माती वाळत नाही असे समजावे, आणि औषध शोधण्याआधी पाणी थांबवावे.

पावसाळ्यात मुळे कुजली तर

भर जुलैत खोडाचा बुंधा मऊ लागला, ओल्या मातीतही पाने लोंबू लागली किंवा कुंडीला कुजका वास आला, तर महिना पाहत बसू नये. झाड लगेच बाहेर काढून मुळे धुवावीत, कुजलेले सारे कापावे आणि झाड पंख्याखाली सावलीत काही तास सुकवावे. कापलेल्या जागी हळद लावण्याची पद्धत आहे. तिने नुकसान होत नाही, पण झाड वाचते ते नीट कापल्यामुळे. उरलेली मुळे जेमतेम मावतील एवढ्या लहान कुंडीत, मग ती आधीच्या कुंडीपेक्षा लहान का असेना, खडी व कोळसा जास्त आणि खत अजिबात नसलेल्या मिश्रणात झाड लावावे आणि आठवडाभर पाणी देऊ नये. मनीप्लांट किंवा फिलोडेंड्रॉनची मुळे पूर्णच गेली असतील तर ती वाचवण्याच्या खटपटीपेक्षा वेलीचे, प्रत्येकी एक-दोन पेरे असलेले तुकडे करून पाण्याच्या बाटलीत ठेवावेत. दमट हवेत त्यांना लवकर मुळे फुटतात आणि गणपतीनंतर ते कुंडीत लावता येतात.

निरोगी झाडाच्या कुंडीतून निघालेली जुनी माती माडाच्या आळ्यात किंवा अबोलीच्या वाफ्यात टाकावी. कुजलेल्या झाडाची माती मात्र कोणत्याही कुंडीत पुन्हा वापरू नये, पोफळीच्या बागेतही नेऊ नये; ती मुळांच्या कापलेल्या तुकड्यांसह आवाराच्या कडेला, पाणी बागेकडे वाहत नाही अशा जागी खड्ड्यात पुरावी, आणि ती कुंडी पुढच्या हंगामापूर्वी घासून, धुऊन, उन्हात चांगली तापवून घ्यावी.